भूकंपानंतर, अंताक्या

वेहबी पाववाला विचारतो,
"पोरगा वाट बघत असेल ना तिथं?"

मी इमामाची मुलगी.
अठराव्या वर्षी देव सोडला,
सिगारेट नाही सुटली.
माझ्या लेखी 'तिथं' म्हणजे
भुसभुशीत सिमेंट, बारीक सळ्या
आणि एक सही.

वहीत लिहिते: वास्तव नाकारतो.
खोडते. कुणाचं वास्तव?

शिकवलं होतं, समुपदेशकानं श्रद्धा-अश्रद्धा
बुटांसारखी दाराबाहेर काढून ठेवायची.
पण चिखल पायांनाच लागलेला.

"काय करत असेल तो?"

"झोपला असेल. भट्टीसाठी तीनला उठायचा जन्मभर.
आता कुणी उठवू नये."

"आमीन," निघून जातं तोंडून,
बापाच्या आवाजात.

कंटेनरच्या पत्र्यावर वारा.
वेहबी चहा उचलतो, गार झालेला,
तरी फुंकर घालतो.