बिनखुणेचं

ट्रोम्सोला डॉक्टर सोल्वाय यांनी
पडद्यावर माझ्या बापाचा मेंदू दाखवला.
उजवीकडे, मागे, कानाच्या पातळीला
एक पांढुरका डाग.
बर्फ उकरल्यावर दगडफूल लागतं, तसा.
म्हणाल्या, चेहरे इथे राहायचे.

गाडीत बसताना त्याने आरशातल्या म्हाताऱ्याला
मान लववून नमस्कार केला
आणि मला विचारलं, भाडं किती होईल?

आईला तो पावलांवरून ओळखतो,
उजवा पाय किंचित ओढते ती.
मला आवाजावरून ओळखेल असं वाटलं होतं.
पण सोळा वर्षं मी आल्ता शहरात
दुसऱ्यांचे हिशेब लिहितेय,
माझा आवाजही, म्हणे, नॉर्वेजियन झालाय.

चाप्पे मात्र दारातच त्याच्या अंगावर झेपावली.
तिला डागबिग कुणी दाखवला नव्हता.
तिच्या मानेत बोटं खुपसून तो म्हणाला,
'हिच्या डाव्या कानामागचा गुंता कुणी कापला?'
मी कापला होता. मी गप्प.

जुलैत, पाडसांच्या कानांवर खुणा करायची रात्र
(रात्र म्हणायची; सूर्य कुठे जातोय?)
कुंपणात आठशे रेनडिअर गोल गोल फिरत होते,
चालताना त्यांच्या पायातली शीर वाजते, टिक टिक टिक.
आन्ते, माझा बाप, कुंपणाला टेकला
आणि वाचू लागला:
ही निल्साच्या विधवेची.
तो माह्त्तेचा, टोक छाटलेलं, खाली दोन खाचा.
ती करडी, तिचं गेल्या सालचं पाडस नदीत गेलं.
आणि तो लंगडा तिचाच, त्याआधीचा.
एकही चुकला नाही.

मग जनावरं कुठे राहतात? मी फोनवर विचारलं होतं.
डॉक्टर जरा थांबल्या.
म्हणाल्या, नक्की सांगता येणार नाही.
प्रामाणिक बाई.

हातात चाकू दिला तर हातानेच आमची खूण कापली:
डाव्या कानाला तिरका काप,
उजव्याला पाकळीएवढी खाच.
नाव विचारलं असतं तर अडखळला असता.
तो कोण, हे तीनशे कानांवर लिहिलेलं आहे
आणि डोंगरभर चरत फिरतं आहे.

पहाटे कॉफीचा कप द्यायला मी वाकले,
त्याने माझा कान धरला.
लहानपणी धरायचा तसा नव्हे.
बोटाने कड चाचपली, वरून खाली, सावकाश,
मग दुसरा कान.
'बिनखुणेचं आहे,' म्हणाला,
मला नाही, कुणालाच नाही.

बिनखुणेचं पाडस कुणाचं, हे ठरवायची रीत जुनी आहे.
ओढायचं नाही. हाका मारायच्या नाहीत.
मोकळं सोडायचं आणि बघत राहायचं
ते कुणाच्या मागे चालतं.

तो उठला, टोपी घातली, तंबूकडे निघाला.
चाप्पे त्याच्या मागे.
मी कप खाली ठेवला.