डोकं, एक नग

शरीर आधीच आलेलं होतं तिच्याकडे.
साठ सेंटिमीटर, कोरियाहून, कस्टम भरून,
गुडघ्याच्या खोबणीत गोळा, मनगटाच्या खोबणीत गोळा,
आतून ताणलेली इलॅस्टिकची दोरी
आणि मानेतून वर आलेला नुसता एक आकडा.
त्या आकड्याला अडकवायला डोकं हवं होतं.

कोपरखैरण्यात, पिठाच्या चक्कीवरच्या खोलीत
मी रात्री डोकी करते.
दिवसा वाशीच्या लॅबमध्ये दात.
हत्यारं तीच: मेणाची सुरी, स्पिरिटचा दिवा,
प्लास्टरमधले बुडबुडे काढणारं थरथरतं यंत्र.
फरक एवढाच, दातांचं कोणी बारसं करत नाही.

रेवती मढवी, दिवागाव, ऐरोली.
मापं तिनं वहीच्या पानावर आणली:
मानेचा घेर सव्वानऊ, डोळे चौदा मिलिमीटर,
रंग बॉडीला जुळता. "उजळ नको हं,
सगळे न सांगता उजळच करून देतात."
मग पेन्सिलीनं ओठ.
वरचा. डावीकडे नाकपुडीपर्यंत उघडा.

फोटो? मी विचारलं.
फोटो नाही.
सातव्या महिन्यात ऑपरेशन झालं,
त्याआधी घरात कुणी कॅमेरा आणला नाही,
आणला असता तर आयनं पदर पुढे घेतला असता.
गिराणात विळीवर बसली होती म्हणे, निवटी कापायला.
तेवढ्या एका कापाचं खापर
अडतीस वर्षं तिच्याच माथी.

पहिलं डोकं मी बिघडवलं.
बिघडवलं म्हणजे सुंदर केलं.
अंगठा सवयीनं फट मिटवत गेला,
आमच्या धंद्यात फट दिसली की भरायची असते.
रेवतीनं ते उलटंपालटं केलं,
कवटीत जिथे चुंबक बसतं तिथे बोट घालून पाहिलं,
म्हणाली, ही मी नंतरची.
हिच्यासाठी घरात आरसा आहे.

पुढच्या खेपेला ती आईला घेऊन आली.
म्हातारी जिन्यात तीनदा थांबली,
चक्कीचं पीठ तिच्या हिरव्या पातळावर बसत गेलं.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
क्ले अजून भट्टीत गेली नव्हती, मऊ होती.
मी डोकं तिच्या तळव्यावर ठेवलं, मोसंबीएवढं.
तिची करंगळी सरळ ओठावर गेली, न चाचपडता,
अंधारात आपल्या दाराची कडी सापडावी तशी.
"येवढं नव्हतं हिथं. वर होतं, अजून वर.
नाक हिकडं बसलेलं.
दूध हिथशी येयाचं भायेर."
ती सांगत गेली, मी सुरी चालवत गेले.
रेवती खिडकीशी पाठमोरी,
समोरच्या इमारतीचे एसी मोजत असावी.

कास्टिंगला अकरा दिवस.
पहिल्यात हनुवटीला बुडबुडा, दुसरं पिवळट निघालं.
तिसरं जमलं.
पाणकागद चारशेचा, मग आठशेचा, मग बाराशेचा,
फटीच्या कडांशी मात्र हात आखडता घेतला.

न्यायला दोघी आल्या.
रेवतीनं मानेतला आकडा ओढला, खट्, डोकं बसलं,
आणि बाहुली कुठेतरी बघायला लागली,
डोळे बसवलेले नसताना.
मी नेहमीचं सांगत होते: उन्हात ठेवू नका,
अजून सीलर मारलेला नाही, लगेच रंग पिते,
तोवर म्हातारीनं बटव्यातून डबी काढली.
काजळाची.
"हिला तवा तीट लावली नव्हती.
नजर लागंल असं काय हाय, बोलले सगले."
आणि बोट टेकवलं गालावर, डाव्या.

मी म्हणाले, मावशी, तो डाग जायचा नाही हो.
काय? म्हणाली. ऐकायला कमी येतं तिला.
रेवतीनं पर्स उघडली, उरलेले साडेचार हजार
दोनदा मोजले, दुसऱ्यांदा चुकली.
मी बिल लिहिलं:
डोकं, एक नग.
डोळे वेगळे.