‘लो’

डेस्कवरून फोन आला रात्री साडेनऊला.
मी गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण पीत होतो,
ओठावर फेस तसाच.

पुण्याचा आवाज, समजूतदार :
‘बातमी छान. एकच दुरुस्ती केलीय.
उमेदवार “म्हणाली” नाही, “म्हणाला”.
तुमच्याच रेकॉर्डिंगमध्ये आहे की.
ती, म्हणजे तो, स्वतःच म्हणतोय,
मी दारोदार फिरलो, मी पडलो पण रडलो न्हाई.’

काय सांगू या माणसाला.
आमच्याकडं बाया अशाच बोलतात.
माझी आई ‘मी जेवलो’ म्हणते,
‘मंडईत जाऊन आलो’ म्हणते,
माझ्या वेळी अडली होती तेव्हाचं सांगताना
‘मी मरता मरता वाचलो’ म्हणते,
आणि तिला अजून कुणी विचारलं नाही
बाई, तुमचा रकाना कुठला.

‘वाचक गोंधळतील हो,’ पुणं म्हणालं.

सहाशे रुपये बातमीला, तेही तिसऱ्या महिन्यात.
जूनमध्ये रंगीत पुरवणी, जुलैत मी कोण?
दिल्लीत निकाल लागला की चार फोन :
‘एखादं जोडपं मिळेल का, बोलणारं,
फोटो देणारं, पाचच्या आत?’
जणू मी लक्ष्मीपुरीत बसून
जोडपी वजनावर विकतो.

चंद्राक्का चाळीस मिनिटं गटारीवर बोलली.
टेंबलाईवाडीच्या खालच्या गल्लीत
पाइप किती इंची आहे, किती पाहिजे,
टेंडर कुणाच्या मेव्हण्याला गेलं.
छापून आलं ते तिच्या कपाळावरच्या भंडाऱ्याबद्दल.
मतं पडली दोनशे अकरा.
तिनं बोटांवर मोजून सांगितलं कुठल्या घरातली किती,
दोन घरांपाशी थांबली,
‘ही तेवढी कळंनात,’ म्हणाली.

त्या रात्री मी भांडलो नाही.
घरी येऊन बातमी पुन्हा लिहिली,
एकही क्रियापद तिच्या अंगाला लागणार नाही अशी.
‘चंद्राक्कांच्या मते.’ ‘चंद्राक्कांचं म्हणणं असं.’
सगळी वाक्यं पाटावरून उठून
भिंतीला टेकून बसलेली.
वाटलं, जमलं.

सकाळी पेपर घेऊन तीच आली.
वाचता येतं तिला, बोट ठेवून, सावकाश.
सगळं वाचलं. मग परत वरून.
‘ह्यात मी हाय कुठं?’

मी समजावलो : डेस्क, वाचक, मधला मार्ग.

‘बोलताना मी “लो” म्हंतो, तू बी म्हंतोस,
ते आपल्या गावचं हाय.
पर दुसऱ्यानं माझं सांगताना “ली” म्हणावं
येवढ्यासाठी सोळाव्या वर्षी घर सोडलं.
आणि तू ती “ली”च खाल्लीस व्हय?
कुणाला भ्यालीस गं?’

‘गं’ तिनं असं काही ठेवलं
की मी बशीतला चहा तसाच धरून बसलो.

कारण मला माहीत होतं कुणाला.
सहा वर्षं मीनाक्षी येते माझ्याकडं,
शनिवारी रात्री येते, सोमवारी पहाटेच्या सांगली गाडीनं जाते,
आणि आईनं फोनवर विचारलं
तर मी म्हणतो, ‘एक माणूस आलं होतं.’
आलं होतं. गेलं. जेवून गेलं.
एवढी व्याकरणात मुरलेली मी
दुसऱ्याच्या क्रियापदासाठी
पुण्याशी भांडणार होतो.

दुरुस्ती मागितली. चार मेल. एक फोन, चढ्या आवाजात.
नवव्या दिवशी आली, पान सात, खाली कोपऱ्यात,
बोअरवेलच्या जाहिरातीखाली दोन ओळी :
‘अमुक तारखेच्या वृत्तात
“चंद्राक्का म्हणाली” असे वाचावे.’

तिनं कात्रीनं कापली, पाकिटात ठेवली,
मतदार कार्डाच्या पाठीमागं.
पैशाचं काही बोललो नाही आम्ही.

रविवारी आईचा फोन.
‘आवाज येतोय भांड्यांचा. कोण आलंय?’
आतून कुकरची दुसरी शिट्टी.

‘आलीय,’ मी म्हणाले.

पलीकडं आई गप्प.
मग म्हणाली, ‘मी ऐकतो. सांग.’