दोनपेक्षा कमी

दर मंगळवारी सव्वाआठला यायची शाल्मली विपट,
रामबागेतल्या आमच्या लॅबचं शटर पुरतं वर जायच्या आत.
डावा हात. कोपराच्या जरा खाली एक शीर,
भित्री, सुई दिसली की बाजूला सरकणारी.
चेहऱ्याआधी मला ती ओळखू येऊ लागली.

पहिला आकडा एक लाख चौऱ्याऐंशी हजार.
मी मशीन पुन्हा चालवलं,
चूक माझीच असेल म्हणून.

तिसऱ्या महिन्यात पाचव्याचं पोट.
सासूबाई म्हणाल्या जुळी आहेत,
शीतलामाता बाजारातून दोन रंगांची लोकर आणली.
उलट्या थांबेनात.
सोनोग्राफीच्या पडद्यावर ना डोकं ना ठोका,
नुसता भुरभुरता बर्फ.
बर्फ, ताई, इंदुरात!
इथं गारा पडल्या तरी पेपरात फोटो येतो.

द्राक्षगर्भ.
नाव इतकं गोड
की कुणाला सांगायची सोय नाही.
वार वाढली, फुगली, घोस घोस झाली,
आणि ज्याच्यासाठी हा सगळा थाट
ते कधी आलंच नव्हतं.

पोट रिकामं केलं. रक्त तरी
सांगतच होतं: आहे, आहे.
तेवढ्यासाठी हे मंगळवार.
आकडा उतरायला हवा.
अडला, चढला, तर केमो,
मोठं हॉस्पिटल, केसांच्या गोष्टी.

बिलावर छापून यायचं: गर्भचाचणी.
काउंटरवरचा नवा पोरगा एकदा म्हणाला, बधाई हो दीदी.
ती थँक्यू म्हणाली.
मी आत सुया मोजत राहिले.

बावीस हजार. तीन हजार शंभर. चारशे दहा.
मग एका मंगळवारी चारशे अठरा.
आठानं काय होतं, तिनं विचारलं.
काही नाही, मी म्हटलं.
मला माहीत नव्हतं.
त्या आठवड्यात घरी द्राक्षं आणली नाहीत मी.
हा काही उपाय नव्हे, कळतं.
हंगाम होता, हातगाड्या भरून उभ्या होत्या,
मुलगी रोज मागत होती.

छप्पन्न.
अकरा.
चार.

आणि मग तो कागद.
तिला शून्य हवं होतं.
छापलेलं होतं: दोनपेक्षा कमी.

म्हणजे आहे का नाही?

मशीनला ह्याच्या खालचं दिसत नाही, मी म्हटलं,
शून्य ते कुणालाच लिहून देत नाही.
तुम्हाला पण?
मला पण. माझं रक्त घातलं तरी हेच येईल.

ती कागद धरून उभी.
बाही अजून खाली घेतली नव्हती,
कापसाचा बोळा कोपरात तसाच दाबलेला.
बाहेर बाकावर दोन म्हातारे
उपाशीपोटी साखर तपासायला ताटकळत होते.

घालून बघा, ती म्हणाली.

मी तिच्या खुर्चीत बसले
आणि बाही वर सारली.