टाकी भरेपर्यंत

सेलूला पोचले तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते.
लॉजवाल्यानं वही पुढं सरकवली,
नाव, गाव, येण्याचं कारण.
मी लिहिलं, लेखापरीक्षण.
त्यानं ते दोनदा वाचलं. "सोबत कोन हाय?"
"पतसंस्थेच्या फायली," म्हटलं.
तो हसला नाही.
किल्लीच्या लाकडी ठोकळ्यावर दोनशे चार,
इमारतीत खोल्या मात्र एकूण अकरा.

उशीला कुणाचं तरी खोबरेल लागलेलं.
मी तिच्यावर ओढणी अंथरते,
दाराला खुर्ची लावते, खुर्चीवर बॅग,
बॅगेवर जेवणाचा रिकामा डबा:
दार हललं तर डबा पडेल, आवाज होईल.
आणि मग रात्रभर
डबा पडायची वाट बघत पडून राहते.

गेल्या महिन्यात जिंतूर, तिथं खिडकी नव्हती.
त्याआधी मानवत,
पंख्याचं एक पातं वाकलेलं,
दर फेऱ्याला टक् म्हणायचं, मी मोजायची,
सातशेनंतर चुकायची, परत एकपासून.
सतरा वर्षं झाली या नोकरीला.
घरी भिंत उजव्या हाताला असते,
इथं ती डावीकडं आली,
तेवढ्यावरून झोप अडून बसली आहे
मानपानावरून रुसलेल्या व्याह्यासारखी.

नांदेडकडं एक मालगाडी गेली. बराच वेळ जात राहिली.

अडीचला गल्लीत एकदम भांडी वाजली.
"आलं! पानी आलं!"
मी गॅलरीत गेले.
अख्खी गल्ली जागी, घागरी, टोपली, रंगाचे डबे,
बनियनवरचा एक माणूस हिरवा पाइप ओढत पळतोय,
एका बाईच्या खांद्यावर पोर झोपलेलं
आणि तिच्या दोन्ही हातांत कळशा.
नवव्या दिवशी आलेलं पाणी.
इतकी माणसं माझ्यासोबत जागी
मी कुठल्याच गावात पाहिली नव्हती.
"ओ बाई," तिनं वर बघून हाक मारली,
"लिंबाजीला उठवा की! टाकी ऱ्हायली
तर मालक धरंल त्याला."

डबा उतरवला. बॅग. खुर्ची.

लिंबाजी जिन्याच्या वळणावर, पोत्यावर,
एक पाय वरच्या पायरीला, तोंड उघडं.
संध्याकाळी यानंच माझी बॅग वर आणली होती,
"लई जड हाय, काय दगडं हायत का" म्हणाला होता.
सोळा-सतराचा असेल.
झोपला नव्हता, कुणीतरी ओतून ठेवला होता तिथं.
मी हात पुढं केला. मागं घेतला.
बटण त्याच्या उशाशीच होतं,
वर खडूनं लिहिलेलं, मोटार,
खाली, इसरू नये.
मीच दाबलं.

मोटार घुरघुरली. तो हललासुद्धा नाही.
टाकी भरली की बंद करू, म्हटलं,
आणि त्याच्या खालच्या पायरीवर बसले.
पायरी गार होती.
भिंत उजव्या हाताला होती.

"ओ मॅडम. मॅडम, उठा."

पाणी जिन्यावरून पायरी पायरीनं उतरत होतं,
माझे कपडे ओले, त्याचं पोतं ओलं,
मोटार बंद, बाहेर गल्ली बंद,
नळ कधीचा गेलेला.
"किती वेळ वाहिलं?"
"काय म्हाईत. पाऊन घंटा आसंल."
गच्चीवरून, जिन्यावरून, सरळ नालीत.
मी तेवढाच वेळ झोपले होते.

"मालकाला मी सांगते."
"नका सांगू," तो पोतं पिळत म्हणाला,
"मला बी लई दिसानं लागली व्हती."
पिळलेलं पाणी त्यानं बादलीत धरलं.

अकराला पतसंस्थेत बसले.
शिपायानं काठोकाठ भरलेला ग्लास ठेवला.
तो तळापर्यंत प्याले.
पहिल्या पानावर तारीख घातली,
आणि पुढं बराच वेळ
काही लिहिलं नाही.