वाकळबाई

आमच्या लाँड्रीच्या वहीत त्यांचं नाव वाकळ.
बापानं जसं ऐकलं तसं लिहिलं:
वाकळबाई, ताबूत स्ट्रीट,
दोन चादरी, एक झगा, खळ कमी.
दारावरच्या पितळी पाटीवर इंग्रजीत वेगळं होतं,
पण पाटी काही धुवायला येत नव्हती.

चादरीच्या कोपऱ्यात बिब्ब्याची खूण:
एक आडवी रेघ, खाली दोन ठिपके.
अठ्ठेचाळीस वर्षं तीच.
भट्टीत उकळली, घाटावर आपटली,
चादरी विरल्या, खूण राहिली.

मिस डोरीन वॉकर.
वडील खडकीच्या कारखान्यात, आजा रेल्वेत,
त्याच्या मागचा कुणी पलटणीबरोबर आलेला.
"चालणारी माणसं आम्ही," त्या म्हणायच्या,
"नावच तसं. आणि बघ,
चालून चालून कुठे, तर तुझ्या दुकानासमोर."
हसताना कवळी सांभाळायच्या.

मग डंडीहून भाच्याचं पत्र आलं.
त्यानं आडनावाचा शोध लावला होता,
रिटायर माणसं लावतात तसा.
बाईंनी काउंटरवर उभ्यानं वाचलं,
मला कळावं म्हणून मराठीत, अडखळत.
चालणं नव्हे, तुडवणं.
मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड
हौदात टाकायचं, वर माती, वर शिळं मूत,
आणि कपडे गुडघ्यावर खोचून
दिवसभर त्यावर चालायचं,
जागच्या जागी,
वीण आवळून येईपर्यंत.

"मूत?"
"असं लिहिलंय," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसला.

गावागणिक एक हौद, म्हणून गावागणिक एक वॉकर.
कुणी कुणाचे नातलग नव्हेत.
इंग्लंडच्या वरच्या अंगाला ढीगभर,
खालच्या अंगाला त्याच कामाचं दुसरं नाव,
पश्चिमेला तिसरं.
स्कॉटलंडच्या डोंगरातल्यांचं त्यांच्या बोलीत वेगळंच होतं,
ते कारकुनांनी यातच बुडवून काढलं.
डंडीच्या फोनबुकात पानंच्या पानं.
आणि पुण्यात?
बाईंनी बोट वर केलं,
वर्गात हजेरी देतात तसं.

तेव्हा मी बोललो नाही
की माझा आजा नुसता गेनू परीट.
बापाला शाळेत घालताना मास्तरांनी गाव लावलं, वेल्हेकर.
म्हणाले, बरं दिसतं.
तेव्हापासून आमच्या नावाला सोड्याचा वास येत नाही.
हाताला येतो.

पत्राची घडी करता करता त्यांनी विचारलं,
"तू पावतीवर काय लिहितोस रे माझं नाव?"
मी वाचून दाखवलं. लाज वाटली.
"म्हणजे काय?"
जुनी लुगडी, मी म्हणालो, एकावर एक ठेवून
टाके घालत न्यायचे. पांघरायची.
"आणि धुता कशी? एवढी जड?"

मशीनमध्ये मावत नाही.
आपटता येत नाही, टाके उसवतात.
मी तोंडानं सांगितलं नाही.
काउंटरच्या बाजूला आलो, चप्पल काढली,
आणि फरशीवर दोनदा पाय उचलून दाखवले,
जागच्या जागी.

त्या हसल्या. कवळी सुटली तरी हसल्या.
शेजारचा इराणी बघायला बाहेर आला.

"नाव दुरुस्त करू का, बाई?"
"राहू दे," त्या म्हणाल्या.
"खळ मात्र या खेपेला नेहमीसारखी नको.
जरा जास्त घाल."