डावीकडचा पीळ

टेबल सुताराकडून करून घेतलंय, वर रेग्झिनची गादी,
तोंडासाठी गोल भोक. त्यातून तिला दिसते
माझी चप्पल आणि फरशीचा एक तुकडा.
प्रणोती घरत. चौसष्ट किलो गट. रविवारी निवड चाचणी.
"काही नाही ताई, थोडंसं चमकतंय."
थोडंसं म्हणजे किती, ते मी तोंडाला विचारत नाही.

तेल चार थेंब. जास्त झालं की अंगठा घसरतो
आणि गाठ जागच्या जागी राहते, मजेत.
आधी मान, मग फऱ्याची कड,
मग काखेतून आत, फासळ्या आणि फऱ्याच्या सांदीत,
जिथे न्हाऊ घालताना आईचंही बोट
कधी पोचलेलं नसतं.
श्वास सोड, म्हणते मी.
ती शिवी देते. मग सॉरी म्हणते.
दोन्ही चालतं. या टेबलावर लोक देवाचं नाव घेतात,
एका हवालदारानं बायकोचं घेतलं होतं,
पहिल्या बायकोचं.

वरच्या मजल्यावर कुणीतरी बार टाकतं.
छताचा पोपडा तिच्या पाठीवर पडतो,
मी फुंकर मारून उडवते.
माझगावातली ही व्यायामशाळा
अशीच हप्त्याहप्त्यानं खाली येतेय.

डावा फरा उजव्यापेक्षा वर चढलेला.
त्याच्या आत दोरीसारखा पीळ.
माझा अंगठा थांबतो.
बार कसा धरतेस? डावी मूठ आत?
"हो, दोन बोटं आत. आमच्या क्लबची स्टाइल आहे."
सर कोण?
"बोऱ्हाडे सर."

वामन बोऱ्हाडे. आम्ही दोघं कायतान सरांची पोरं.
सर गोदीत विंचवर होते.
डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट
साखळीनं नेलं, त्यानंतर सर
डावी मूठ आत सरकवून धरायचे,
बार जिथे त्यांचं ऐकायचा तिथे.
तीन बोटांनी केलेली तडजोड होती ती.
आम्ही धडधाकट, दहा बोटांचे,
आम्हाला वाटलं हेच शास्त्र.
कुणी विचारलं नाही, सरांनी सांगितलं नाही.
आपण वाकडं धरतो हे बहुधा
त्यांनाही ठाऊक नसावं.

माझा खांदा सत्त्याण्णवला गेला. स्नॅच, सत्तर किलो.
ओली चादर झटकावी तसा आवाज.
सर म्हणाले, बर्फ लाव, सोमवारी ये.
तो सोमवार अजून आलेला नाही.
मधल्या काळात मी दुसऱ्यांचे खांदे शिकले,
लोक मालिशवाली म्हणतात, मी दुरुस्त करत नाही.

आणि आता ही, दोन हजार चारचा जन्म.
सरांना हिनं पाहिलेलं नाही,
त्यांचा फोटोसुद्धा वर कपाटामागे पडलाय,
तरी त्यांची हरवलेली दोन बोटं
हिच्या फऱ्याखाली
माझ्या हाताला लागताहेत.

सांगू का हिला?
चार दिवस उरलेत. पकड बदलली की बार अनोळखी होतो.
खांदा सगळाच मोकळा केला
तर तो आपली खरी जागा शोधत बसेल,
नेमका डोक्यावर ऐंशी किलो असताना.
म्हणून दाबते, थांबते, कोपरानं एकदा सावकाश,
हात धरून फिरवते, सांधा कुरकुरतो, जरा ऐकतो,
आणि अगदी आत
थोडा पीळ तसाच सोडते.
तिच्यासाठी, असं सांगते स्वतःला.

ती उठून बसते. गालावर भोकाचा वळ,
नडग्यांवर बारनं खरवडलेल्या जुन्या रेघा.
रविवारनंतर ये. बोऱ्हाडेलाही घेऊन ये.
"सरांना? त्यांना काही होत नाही ताई."
बरं.
तुमच्याकडे फळ्यावर रोजची वजनं कोण लिहितं?
टीशर्टात डोकं अडकलेलं असतानाच ती म्हणते,
"आम्हीच. फळा उंच आहे ना.
सर खाली उभं राहून सांगतात."